भिंगारचा शेवटचा मुक्काम : औरंगजेबाचे म्हातारपण (थ्रेड)

१/
जानेवारी १७०६. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) वेशीजवळ, भिंगारच्या माळावर मोगल बादशहाची छावणी येऊन स्थिरावली. हत्ती, उंट, तोफा, बाजारपेठा यांचा हा फिरता संसार ज्याच्यासाठी चालत होता, तो सत्त्याऐंशी वर्षांचा वृद्ध पालखीतून उतरला. बावीस वर्षांपूर्वी, १६८३ च्या अखेरीस, तो याच शहरात दख्खन जिंकायला निघालेला विजेता म्हणून राहिला होता. आता मात्र हा आपल्या प्रवासाचा शेवट आहे, असे त्यानेच नगरला पोहोचताच म्हटल्याचे सांगितले जाते. त्याचे हे अनुमान खरे ठरले.

२/
औरंगजेबाच्या मोहिमा, त्याचे धोरण आणि मराठ्यांशी चाललेले त्याचे २५ वर्षांचे युद्ध यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या म्हातारपणाकडे मात्र युद्धाची तळटीप म्हणून पाहिले जाते. वास्तविक सतराव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या माणसाचे शरीर कसे थकत गेले, याच्या इतक्या तपशीलवार नोंदी भारतात फार थोड्या व्यक्तींच्या वाट्याला आल्या आहेत. त्या वाचताना एक पथ्य पाळावे लागते. एखाद्याचे दुःख समजून घेणे म्हणजे त्याच्या कृत्यांना क्षमा करणे नव्हे.

३/
प्रथम एक संकल्पना. आधुनिक वृद्धवैद्यक ‘वय झाले’ आणि ‘जर्जर झाले’ या दोन गोष्टी वेगळ्या मानते. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्जरतेची पाच लक्षणे मांडली : नकळत घटणारे वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीतील अशक्तपणा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळली, तर व्यक्ती जर्जर मानली जाते. यामागचे तत्त्व सोपे आहे. शरीराची राखीव शक्ती आटत जाते आणि तरुणपणी आठवड्यात भरून निघणारा धक्का म्हातारपणी माणसाला कायमचा एक पायरी खाली उतरवतो.

४/
तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचे निदान चिकटवणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. परंतु ‘एकेक पायरी खाली’ हा आकृतिबंध औरंगजेबाच्या अखेरच्या सात वर्षांत स्पष्ट दिसतो. १७०० मध्ये माणकाठचे खवासपूर, १७०५ मध्ये कृष्णेजवळचे देवापूर आणि १७०७ मध्ये भिंगार या त्या तीन पायऱ्या होत.

५/
३ नोव्हेंबर १६१८ रोजी दाहोद येथे जन्मलेला औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होत होता. त्या काळाच्या मानाने ते निवृत्तीचेच वय. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. आता दख्खन हाती आले, असे त्याला वाटले असावे. पण राजाराम महाराज जिंजीला गेले, युद्ध पसरत गेले आणि बादशहाला उत्तरेची वाट पुन्हा कधीच सापडली नाही.

६/
१६९५ मध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णेकाठच्या गलगले येथील छावणीत त्याला भेटला. बादशहा तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. करेरीने रंगवलेले चित्र असे : ठेंगणा, सडपातळ, वयाने वाकलेला देह, मोठे नाक, सावळसर वर्णावर उठून दिसणारी पांढरी दाढी. चालताना काठीचा आधार. पण अर्ज वाचून त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे लिहायला त्याला चष्मा लागत नव्हता. म्हणजे तो वृद्ध झाला होता, जर्जर झाला नव्हता. या दोहोंतील फरक येथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

७/
हा वृद्ध राहत तरी कोठे होता? तंबूत. करेरीला मिळालेल्या माहितीनुसार छावणीचा घेर तीस मैल होता, तीत अडीचशे बाजार होते आणि पाच लाखांवर माणसे राहत होती. ऊन, चिखल, धूळ, जनावरांची गर्दी आणि रोगराई यांचे हे शहर होते. १६८८ मध्ये विजापूरजवळ साथ पसरली, तेव्हा बादशहाची बेगम औरंगाबादी महल तीत दगावली आणि गाजीउद्दीन फिरोजजंग या बड्या सरदाराची दृष्टी गेली. अंध झालेला फिरोजजंग त्यानंतरही वर्षानुवर्षे सेनापतिपदावर राहिला. या छावणीत थकण्याला मुभा होती, थांबण्याला नव्हती.

८/
१६९९ च्या पावसाळ्यानंतर, एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, औरंगजेब स्वतः मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला. वसंतगड, सातारा, परळी यांच्यापुढे एकामागून एक वेढे पडले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. युद्ध संपेल ही त्याची आशा महाराणी ताराबाईंनी फोल ठरवली. पैसे देऊन घेतलेला किल्ला मोगलांची पाठ फिरताच मराठे परत घेत. आजोबाच्या वयाचा बादशहा आणि पंचविशीतील राणी यांच्यातील हे युद्ध एका अर्थाने दोन वयांचेही होते.

९/
पहिली पायरी. परळीहून माघारी येताना छावणी माण नदीच्या पात्रात आणि काठावर खवासपूरला (आजचा सांगोला तालुका) उतरली होती. ऑक्टोबर १७०० च्या आरंभी मध्यरात्री अवकाळी पुराचा लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. मराठे तुटून पडले आहेत असे समजून बादशहा घाईने उठला आणि पाय घसरून पडला. उजवा गुडघा निखळला. उपचार झाले, पण पाय पूर्ववत झालाच नाही. बाकीचे आयुष्य त्याने लंगडत काढले.

१०/
म्हाताऱ्या माणसाचे रात्रीचे एक पडणे आयुष्याला वळण देते, हे घरोघरी ठाऊक आहे. दरबाराने त्यावर काय म्हटले, तेही पाहावे. बादशहाचा मूळपुरुष तैमूर लंगडा होता. तेव्हा हे लंगडेपण म्हणजे थोर पूर्वजाचा वारसाच आहे, अशी स्तुती खुशमस्कऱ्यांनी केली. ‘हुजूर, आता विश्रांती घ्यावी’ हे म्हणण्याची प्राज्ञा कोणाची नव्हती. ज्याच्याशी कोणी खरे बोलत नाही, त्याला आपण किती थकलो आहोत हेही नीट कळत नाही.

११/
या कथेत आणखीही म्हातारी माणसे आहेत, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवलेली नाहीत. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये दुष्काळ आणि रोगराईने थैमान घातले. मनुचीच्या अंदाजानुसार वीस लाखांवर माणसे मेली. आधीच दोन्ही बाजूंच्या फौजांनी पिके तुडवलेली, गुरे नेलेली. अशा वेळी चालू शकणारे गाव सोडून जातात आणि न चालू शकणारे मागे राहतात. बादशहाच्या गुडघ्याची नोंद इतिहासाला आहे. त्याच्या छावणीच्या वाटेवरच्या गावांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची नाही.

१२/
दुसरी पायरी. १७०५ च्या वसंतात बेरडांचे वाकिनखेडे घेतले गेले. ही त्याची शेवटची मोहीम. त्यानंतर जवळच्या देवापूर येथे तो गंभीर आजारी पडला. तीव्र वेदना आणि अधूनमधून येणारी बेशुद्धी. तरीही हट्टाने तो काही काळ कारभार पाहत राहिला, कारण बादशहा दिसला नाही तर छावणीत अफवा उठे आणि अफवेमागून लूट. सहा महिने तेथेच गेले. ऑक्टोबरमध्ये छावणी हलली. या वेळी बादशहा पालखीत होता.

१३/
वाटेत डिसेंबर १७०५ मध्ये तो बहादूरगडावर थांबला. हे भीमेकाठचे पेडगाव, आजच्या श्रीगोंदा तालुक्यातले. रमजानचा महिना त्याने येथे काढला. फेब्रुवारी १६८९ मध्ये याच ठिकाणी कैद केलेल्या संभाजी महाराजांची विटंबना करून त्यांना त्याच्यासमोर उभे करण्यात आले होते. त्या दिवशी सिंहासनावर बसलेला माणूस सोळा वर्षांनी तेथे खांदेकऱ्यांच्या आधाराने आला. मराठ्यांचे राज्य बुडाले नव्हते. त्यांच्या तुकड्या त्याच्या छावणीच्या मागोमाग चालत होत्या.

१४/
नगरला पोहोचल्यावरही उसंत मिळाली नाही. १७०६ च्या उन्हाळ्यात मराठ्यांची मोठी फौज छावणीपासून अवघ्या चार मैलांवर येऊन ठाकली. तिला हटवायला मोगल सरदारांना मोठी झुंज द्यावी लागली. ज्या मुलखात आयुष्याची पंचवीस वर्षे घालवली, तेथे स्वतःच्या उशाशीही निर्धास्त झोप नाही, अशी बादशहाची अवस्था होती.

१५/
त्याची सेवा कोण करत होते? मुख्यतः दोन स्त्रिया : मुलगी झीनतुन्निसा आणि बेगम उदयपुरी महल. झीनतुन्निसा १६४३ ची, म्हणजे १७०६ मध्ये ती स्वतः त्रेसष्टीत होती. तिने लग्न केले नाही. दख्खनच्या मुक्कामात वडिलांच्या जनान्याचा कारभार तिनेच पाहिला. मोगलांच्या कैदेत असलेल्या येसूबाई आणि शाहूराजे यांच्याशी ती ममतेने वागली, अशी आठवण मराठी परंपरेने जपली आहे. वृद्धांची शुश्रूषा वृद्ध लेकीसुनांनी करावी आणि त्यांचे नाव ओघाने यावे, ही रीत राजवाड्यातही निराळी नव्हती.

१६/
बरोबरीचे कोणीच उरले नव्हते. १७०२ मध्ये मुलगी झेबुन्निसा दिल्लीत वारली; बापानेच तिला सलीमगडात बंदिवान केले होते. बंडखोर मुलगा अकबर इराणात परागंदा अवस्थेत बापाआधी गेला. १७०६ मध्ये धाकटी बहीण गौहरआरा गेली, तेव्हा शाहजहानच्या लेकरांपैकी ती आणि मी एवढेच उरलो होतो, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाकीच्या भावंडांपैकी तिघे भाऊ कसे संपले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? जुन्या पिढीतला एकच सोबती जवळ होता, ऐंशीला टेकलेला वजीर असदखान.

१७/
मग सत्ता सोडून तो मोकळा का झाला नाही? युरोपात पाचव्या चार्ल्स बादशहाने संधिवाताने गांजल्यावर १५५५-५६ मध्ये राज्य मुलाच्या आणि भावाच्या हाती दिले आणि युस्तेच्या मठालगत उरलेले दिवस काढले. भारतीय परंपरेत वानप्रस्थाची कल्पना होतीच. मोगल घराण्यात मात्र जिवंतपणी गादी सोडण्याची रीत नव्हती आणि थोरल्याने वारस व्हावे हा नियमही नव्हता. तख्त किंवा कबर, यांच्यामधली जागाच रिकामी होती.

१८/
त्या रिकाम्या जागेत एक माणूस राहिला होता, हे औरंगजेब विसरणे शक्य नव्हते. सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि चार मुलांत युद्ध पेटले. १६५८ मध्ये जिंकलेल्या औरंगजेबाने बरा झालेल्या बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. जानेवारी १६६६ मध्ये मरेपर्यंत, जवळपास आठ वर्षे, शाहजहान तेथेच होता. मुलगी जहानआरा सोबतीला राहिली. मुलगा एकदाही भेटीला आला नाही. आजारी बादशहाचे पुढे काय होते, हा धडा औरंगजेबाने स्वतःच लिहिला होता.

१९/
म्हणून त्याने आयुष्यभर मुलांकडे वारस म्हणून पाहण्याऐवजी संशयित म्हणून पाहिले. मुलगे पाच. थोरला मुहम्मद सुलतान कैदेतच १६७६ मध्ये वारला. मुअज्जम १६८७ पासून आठ वर्षे कैदेत होता. अकबर बंड करून देशोधडीला लागला. कामबख्शला जिंजीच्या वेढ्यात बापाच्याच सरदारांनी ताब्यात घेतले होते. पाचांपैकी एकटा आझम तेवढा कैद आणि परागंदा होणे या दोहोंतून सुटला. आता भिंगारच्या तंबूत उशाशी बसायला मुलगा हवा होता आणि मुलगा जवळ आला की भीती वाटत होती.

२०/
१७०६ मध्ये आझम गुजरातेतून नगरला आला. कामबख्श छावणीतच होता. दोघांचे इतके वितुष्ट, की बापाच्या डोळ्यांदेखत रक्तपात होण्याची वेळ आली. फेब्रुवारी १७०७ मध्ये बादशहाने कामबख्शला विजापूरच्या सुभ्यावर आणि काही दिवसांनी आझमला माळव्याकडे रवाना केले. मुअज्जम दूर वायव्य सरहद्दीवर होता. मृत्यू जवळ आल्याचे कळत असताना या माणसाने मुलांना जवळ बोलावण्याऐवजी दूर पाठवले. ते एकमेकांच्या हातून मरू नयेत, एवढे एकच तो करू शकत होता.

२१/
आझम आणि कामबख्श यांना लिहिलेली म्हणून जी शेवटची पत्रे प्रसिद्ध आहेत, त्यांत थकलेल्या हातापायांची खंत आहे. एकट्याने येऊन एकट्यानेच परतण्याची जाणीव आहे. आयुष्य वाया गेल्याची आणि पापांचा जाब द्यावा लागण्याची धास्ती आहे. लष्कर आपल्यासारखेच भांबावले आहे, हेही तो लिहितो. येथे बादशहा आणि बादशाही यांची दुर्बलता एकच झालेली आहे. राज्याचा सगळा कारभार एका देहावर टेकला, की त्या देहाचा गुडघा हा राज्याचा गुडघा होतो.

२२/
जागतिक आरोग्य संघटना ‘जीवनमान’ किंवा ‘जीवनाची गुणवत्ता’ ठरवताना केवळ प्रकृती पाहत नाही. आपली संस्कृती, मूल्ये, उद्दिष्टे आणि काळज्या यांच्या संदर्भात माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते, हे ती विचारते. शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवताल हे त्या मोजमापाचे चार कोपरे. औरंगजेबाला राज्यातले उत्तम हकीम उपलब्ध होते, अन्नाला कमी नव्हती, सेवकांना गणती नव्हती. चारांपैकी एका कोपऱ्याचा जमेल तेवढा बंदोबस्त झाला होता. बाकीचे तीन ओस होते.

२३/
एक आधार शेवटपर्यंत टिकला, तो त्याच्या श्रद्धेचा. ताप चढलेला असतानाही पाच वेळची नमाज त्याने चुकवली नाही. हमीदुद्दीनखानाने ज्योतिषांच्या सल्ल्यावरून हत्ती दान करण्याचे सुचवले, तेव्हा ही आपली रीत नव्हे म्हणून त्याने नकार दिला आणि त्याऐवजी चार हजार रुपये गरिबांना वाटण्यासाठी काझीकडे पाठवले. त्याच्या कट्टरतेबद्दल कोणाचे काहीही मत असो, स्वतःच्या कसोटीवर उतरण्याचे एवढे एक समाधान त्याच्याजवळ उरले होते.

२४/
३ मार्च १७०७, शुक्रवार. सकाळच्या नमाजानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बादशहाने भिंगारच्या छावणीत प्राण सोडला. जवळच असलेला आझम परत आला. देह खुलताबादला नेऊन शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, त्याच्याच इच्छेनुसार साध्या कबरीत दफन करण्यात आला. भिंगारजवळची ती जागा आजही ‘आलमगीर’ या नावाने ओळखली जाते. त्याच्यामागून काही महिन्यांतच उदयपुरी महलही वारली.

२५/
पुढे जे व्हायचे तेच झाले. जून १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत मुअज्जमने आझमला मारले. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबख्श पडला. वाटेत आझमच्या छावणीतून शाहूराजे सुटून स्वराज्यात परतले. विजयी मुअज्जम बहादूरशहा म्हणून गादीवर आला, तेव्हा तो स्वतः त्रेसष्ट वर्षांचा होता, म्हणजे बाप दक्षिणेत निघाला त्याच वयाचा. पाच वर्षांत तोही गेला. बापाने अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत शिक्का हातातून न सोडल्याने वारसाचे तारुण्य वाट पाहण्यात आणि कैदेत सरले होते.

२६/
या कथेचा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी संबंध काय? दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि गावात घर राखायला म्हातारी माणसे उरतात. शहरांतील मुलेबाळे पुण्या-मुंबईला आणि परदेशी असतात. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्यप्रकल्प उभारला, तेव्हा त्यांनी त्याच गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. दाराशी येऊन ‘आज कसं वाटतंय?’ असे विचारणारे ओळखीचे माणूस हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यामागचे शहाणपण होते.

२७/
हाच साधा प्रश्न निर्भयपणे विचारणारे आणि त्याचे खरे उत्तर ऐकणारे माणूस भिंगारच्या त्या तंबूत फार थोडे होते. देह थकणे कोणाला चुकत नाही. मात्र थकलेल्या हातातला भार विश्वासाने कोणाच्या तरी हाती देता येणे, ही म्हातारपणाची खरी मिळकत असते आणि ती म्हातारपणी गोळा करता येत नाही. आग्र्याच्या किल्ल्यात बापाला कोंडले, त्या दिवशीच औरंगजेबाने आपली ही मिळकत गमावली होती. हिशेब पुरा व्हायला एकोणपन्नास वर्षे लागली आणि तो नगरात पुरा झाला.

(समाप्त)
#इतिहास #अहिल्यानगर #भिंगार #मराठीथ्रेड